बोटीवर न पोचलेला डबा

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. सांगायचे प्रसंग दर वर्षी येत होते. लालबागच्या आमच्या चाळीत हुतात्म्याच्या तसबिरीला हार घातला जायचा, चार माणसं बोलायची, मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचं, तुम्ही तर त्यांच्याच खोलीत राहायचात, दोन शब्द बोला. मी घसा बसल्याचं सांगायचो. कधी गिरणीत पाळी आहे म्हणायचो. गिरणीतून निवृत्त झालो तेव्हा पाळीचं कारणही संपलं, मग त्या दिवशी मी मुद्दाम गावी जाऊन बसू लागलो. लोक म्हणत, म्हाताऱ्याला आठवण सोसत नाही.

मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे मला पुन्हा पळायला वाट राहणार नाही. ज्याच्या तसबिरीला हार घातला जायचा त्याच्या बायकोला आयुष्यभर वाटत राहिलं की आपला नवरा आपल्याशी खोटं वागून मेला. तो खोटं वागला नव्हता. हे ठामपणे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो मी.

ज्यांना हे आवडणार नाही त्यांची मला कल्पना आहे. त्यातले काही माझ्या ओळखीचे आहेत, दोघे तर माझ्या घरातच राहतात. ते म्हणतात, आता कशाला? त्यांना माझं उत्तर आहे की हे आत्ताच, कारण याच्यापुढे मला वेळ नाही.

त्या तसबिरीतल्या माणसाला मी दादा म्हणायचो. सख्खा नव्हे, गाववाला. कोकणातून मुंबईला आलो तेव्हा मला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं आणि बोटीतून उतरल्यावर ज्या खोलीत माझी वळकटी टेकली ती दादाची. दादा साच्यावर होता, म्हणजे विणकर. त्यानेच मला परळच्या गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून चिकटवलं. खोलीत तो, वहिनी, पुढे त्यांची लेक आणि पडद्याच्या अलीकडे मी. मी वहिनीच्या हातचं जेवलो, तिची बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळी दादरला तांत्रिक वर्गाला जायचो तेव्हा तिनेच माझा एकुलता सदरा धुऊन वाळवून ठेवला. हे सगळं मी उपकार म्हणून लिहीत नाही. तिला तसं म्हटलेलं चाललं नसतं.

वर्गात मी बरा निघालो. आमच्या वीव्हिंग मास्तरने माझं नाव पुढे केलं आणि लँकेशायरमधल्या एका कापड कारखान्यात शिकायला माझी निवड झाली. चाळीतून विलायतेला जाणारा मी पहिलाच. दादाने सगळ्या माळ्यांवर पेढे वाटले. वहिनीने पेढा हातात घेऊन विचारलं, "थंय तुका पेज कोण घालतली? रानी?"

सगळे हसले. मीही हसलो. तिथे गेल्यावर मात्र तिसऱ्या आठवड्यात त्या प्रश्नाचं हसू गेलं. माझी घरमालकीण भली बाई होती, पण ती सगळं पाण्यात उकडायची. बटाटा उकडलेला, कोबी उकडलेला, मासासुद्धा उकडलेला. मी जेवणावरून रडलो आहे. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण पुढचं सगळं त्या जेवणापासून सुरू होतं.

आमच्या गावचा एक जण बोटीवर आगवाला होता, बॉयलरपाशी. त्याची बोट मुंबईहून लिव्हरपूलला यायची. ती आली की मी आठवड्याच्या सुटीला त्याला भेटायला जायचो. त्या काळी आमच्या लोकांत परदेशी वस्तू पाठवायची ती बोटीवरच्या माणसाच्या हातून. टपालावर कुणाचा भरवसा नव्हता. मी त्याला म्हटलं, दादाला सांग, सुके बोंबील, सोडे, सोलं आणि वहिनीचा मसाला पाठव. तो म्हणाला, आणीन, पण एका अटीवर. डबा कल्हईवाल्याकडून डाक लावून, म्हणजे झाकण कथलाने सांधून, बंद करून आणायचा. मागे कुणाच्या तरी बोंबलाचा वास सुटला होता आणि बोटीवरच्या गोऱ्या साहेबाने सगळं गाठोडं समुद्रात फेकलं होतं.

मी म्हटलं, डाक लावून आण म्हणावं. चांगला घट्ट.

हा निरोप घेऊन बोट गेली. तिकडे मुंबईत राज्याचा प्रश्न पेटत चालला होता. घरच्या पत्रांत सभा, मोर्चे, घोषणा यांशिवाय दुसरं काही नसायचं. मुंबईसह महाराष्ट्र, हे आम्हा गिरणीवाल्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ज्या शहराचं कापड आपण विणलं ते शहर आपलं नाही असं कुणीतरी दिल्लीत बसून ठरवणार, हे कुठल्या साचेवाल्याला पटलं असतं? दादाचा जीव या चळवळीत होता. पण मागच्या एका संपात तो दोन महिने घरी बसला होता आणि ते दिवस वहिनीने कसे काढले हे मी पाहिलं होतं. त्यामुळे तो सभेच्या कडेला उभा राहायचा, चाळीच्या नळावर मोर्चेकऱ्यांना पाणी पाजायचा आणि घरी यायचा.

गोळीबाराची बातमी मला कारखान्यातच कळली. साच्यांच्या आवाजात तिथल्या बायका ओठांच्या हालचालीवरून बोलायच्या. आपल्याकडे हातवारे करतात तसं त्यांचं ओठांचं होतं, आणि मलाही ते थोडं जमू लागलं होतं. पलीकडच्या साच्यावरची एक वयस्क बाई माझ्याकडे बघून ओठ हलवत होती. बॉम्बे. मग तिने दोन बोटं पुढे केली, बंदुकीसारखी. मी साचा थांबवला.

संध्याकाळी पेपर घेतला. आतल्या पानावर थोड्याशा ओळी होत्या. हरताळ, फ्लोरा फाउंटनजवळ जमाव, पोलिसांना गोळी चालवावी लागली. 'चालवावी लागली' हे शब्द मी अजून विसरलेलो नाही. कुणी लावली होती त्यांना ती चालवायला?

दुसऱ्या दिवशी दंडाला काळी चिंधी बांधून मी कामावर गेलो. फोरमन म्हणाला, चिंधी यंत्रात अडकेल, सोड. मी म्हटलं, तुमचा राजा गेला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी बांधली होती, ती कुठे अडकली? तो म्हणाला, सोड नाहीतर घरी जा. मी घरी गेलो. पुढच्या दिवशी चिंधी बांधूनच परत आलो, तेव्हा तो माझ्या साच्यापाशी न थांबता पुढे गेला.

मँचेस्टरला मराठी मुलं सणावाराला एकत्र यायची. त्या रविवारी सगळे जमले ते याच कारणाने. दादरच्या एका वकिलाचा मुलगा तिथे कायदा शिकत होता. चहा ओतता ओतता तो म्हणाला की चळवळ ठीक आहे, पण मोर्चात गुंड शिरले की पोलिसांचाही इलाज नसतो. मी त्याला म्हटलं, मी लालबागचा, तिथली माणसं मी ओळखतो, त्यातला गुंड कोणता ते दाखव.

"तुम्ही हे फार पर्सनल घेताय," तो म्हणाला.

"गोळी पर्सनलच लागते," मी म्हटलं.

 मला त्या वाक्याचा अभिमान वाटला, परतीच्या वाटेवर मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. परदेशात बसून मी फार शूर होतो. त्या वेळी दादा जाऊन आठवडा होत आला होता आणि मला ते ठाऊक नव्हतं.

पत्र नंतर आलं, चाळीतल्या व्यायामशाळेच्या चिटणिसाचं. दादा फाउंटनला गेला. मोर्चाच्या अग्रभागी होता, हातात झेंडा होता, गोळी छातीवर घेतली. चाळीला त्याचा अभिमान आहे. पत्र वाचून मी खाटेवर बसलो तो तसाच बसून राहिलो. घरमालकिणीने दारावर टकटक करून जेवायला बोलावलं. मी तिला सांगितलं, भाऊ गेला. ती आत आली आणि माझ्याशेजारी बसली. चांगली बाई होती, असं मी आधी लिहिलंच आहे.

आगवाल्याची बोट लिव्हरपूलला लागली तेव्हा मी गेलो. त्याला दादाची बातमी सांगायला गेलो, हे खरं. पण गाडीत बसल्यावर डब्याचा विचार मनात आला, हेही खरं. वाटलं, दादाने आदल्या दिवशी डबा पोचवला असेल. दादाच्या हातचं शेवटचं काहीतरी मला मिळेल. वासाने तोंडाला पाणी सुटावं तसं काहीतरी झालं आणि मग स्वतःचीच किळस आली.

धक्क्यावर तो मला बघताच लांबूनच म्हणाला, "तुझो डबो नाय रे बाबा. तुझ्या दादान फसवल्यान."

मी काही बोलायच्या आत तो सांगू लागला. दादा आदल्या दिवशी त्याला भेटला होता. डबा कल्हईवाल्याकडे आहे, उद्या सकाळी तो घेऊन तुझ्या बोटीवर येतो म्हणाला होता. आगवाल्याने त्याला सांगितलंही, उद्या हरताळ, ट्राम नाही, बस नाही. दादा म्हणाला, चालत येईन, गिरणी बंदच आहे.

"मी गेटार उभो होतंय," आगवाला म्हणाला. "शिडी वर घेईसर वाट बघलंय. तो काय इलो नाय."

लालबागहून बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर चालत जायचं तर वाट फोर्टातून, फाउंटनच्या अगदी जवळून जाते. मुंबई ज्याला माहीत आहे त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही.

मी त्याला बातमी सांगितली. तो धक्क्यावरच्या दोरखंडावर बसला. नंतर तो एवढंच म्हणाला की हे तू घरी सांग, माझ्याच्यान होणार नाही. पुढे त्याने दुसरी बोट धरली आणि आमची गाठ पडली नाही. काही वर्षांनी तो आजारात गेल्याचं गावी कळलं.

मुंबईत परत आलो तेव्हा चाळीच्या जिन्यात गेरूने घोषणा रंगवलेल्या होत्या. व्यायामशाळेत, मारुतीच्या बाजूला, दादाची तसबीर. चिटणीस आणि दोनचार जण मला थेट तिथे घेऊन गेले, मग वर. वहिनी दारात उभी होती. कपाळ मोकळं. लेक तिच्या लुगड्याआड. मी पायाशी वाकलो. तिने मला वर उठवलं, नीट न्याहाळलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा:

"डबो गावलो मां तुका?"

तिला वाटत होतं, डबा आधीच गेला. हरताळाच्या आधीच तो कल्हईवाल्याकडे नेऊन आठवडा होऊन गेला होता, तेव्हा आगवाल्याने तो परस्पर नेला असेल, असा तिचा समज. माझ्यामागे चिटणीस उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर तो खाली तसबिरीपाशी बोलताना होता तोच अभिमान होता. आणि समोर वहिनी, जिने मला कधी उपाशी झोपू दिलं नव्हतं. डबा मिळाला नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, का नाही मिळाला? आणि त्याचं उत्तर एकच होतं: कारण तुझा नवरा माझे बोंबील घेऊन चालला होता.

मी म्हटलं, "गावलो, वयनी."

"मसालो बरो होतो?"

"बरो होतो."

ती म्हणाली, "तेवढा तरी सांगितल्यापरमाण केल्यानी." आणि आत जाऊन तिने माझ्यासाठी ताट वाढलं.

मी जेवलो. मला तिच्या हातचं जेवण हवं होतं, आणि ते बंद होईल याची मला भीती वाटली. मोठमोठी कारणं मी पुढे शोधली: चळवळीची शान, चाळीचा मान, विधवा बाईला मिळणारा आधार. ती सगळी खोटी होती असं नाही, पण ती नंतर सुचली. त्या क्षणी मला भीती वाटली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या कल्हईवाल्याकडे गेलो. तो उत्तरेकडचा, म्हातारा. मी विचारताच त्याने भाता चालवणं थांबवलं. "हड़ताल का दिन था। मैं दुकान नहीं खोल रहा था," तो म्हणाला. "वो बोला, चाचा, बोट छूट जाएगी। आधा फळी खोलके डब्बा दिया।" मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला की नंतर कुणी विचारायलाच आलं नाही.

पहिल्या माळ्यावरच्या ज्या माणसाने दादाला झेंडा घेऊन पुढे जाताना पाहिल्याचं चाळीत सांगितलं होतं, त्यालाही मी गाठलं. नक्की कुठे पाहिलंस? तो गडबडला. म्हणाला, गर्दी होती, धूर होता, पाठमोरा माणूस त्याच्यासारखाच होता. आणि दुसरं काय असणार, तूच सांग, दादा तिथे उगाच का जाईल? तो खोटारडा नव्हता. त्याला एक हुतात्मा शेजारी हवा होता, आणि त्या दिवसांत कुणाला नको होता?

डबा कुठे गेला ते कधी कळलं नाही. माझ्या मनात मात्र एक चित्र बसलं आहे: लोक पळत आहेत आणि त्यांच्यात एक माणूस डाक लावलेला बंद डबा छातीशी धरून धावतो आहे. बंदुकीमागच्या माणसाला त्या डब्यात काय आहे असं वाटलं असेल? घट्ट बंद करून आण, हे माझेच शब्द होते. या चित्राला पुरावा नाही, म्हणून यापुढे त्याबद्दल लिहीत नाही.

वहिनी दादाच्या हाराला खाली येत नसे. लोक म्हणत, दुःखाने येत नाही. तिच्या खोलीत दादाची तसबीर नव्हती, तेही लोक दुःखावर घालत. दादा गेल्यावर वर्षाच्या आत लेकीला मोठा ताप आला आणि ताप उतरला तेव्हा तिचा एक कान गेला होता. वहिनी त्यानंतर आणखी गप्प झाली. तिने खानावळ सुरू केली, गिरणीतली माणसं तिच्याकडे जेवायला येत. मी दुसरीकडे खोली घेतली, तरी जेवायला तिच्याचकडे जायचो.

मग राज्य झालं. त्या मे महिन्यातल्या सकाळी लालबाग-परळला प्रत्येक गॅलरीला तोरण होतं. व्यायामशाळेची माणसं शाल-नारळ घेऊन वर आली, ताशा जिन्यात वाजत होता. वहिनीने दार लावून घेतलं. चिटणीस मला म्हणाला, तुझं ऐकेल, तू जा. मी दार वाजवलं. तिने मला आत घेतलं आणि दार पुन्हा लावलं.

मी म्हटलं, वयनी, घे शाल, दादा या राज्यासाठी गेला.

 तिने लेकीला बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हयसर. हयसर हात ठेवन शपथ घेतल्यानी, मोर्चात जाणार नाय म्हणान. माका म्हणाले, जरा खाली जावन येतंय. आणि गेले थंयसर. खोटी शपथ कोणाक लागली, बघ."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. शपथेचं मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती पोरालाच बाधते, हे आम्ही सगळे मानत होतो. मीही मानत होतो. कारखान्याचं शिक्षण घेऊन आलेला मीसुद्धा. म्हणजे ती बाई दादाला नुसती मोर्चाला गेला म्हणून दोष देत नव्हती. लेकीचा कान त्याने घेतला, असं तिला वाटत होतं.

जिन्यात ताशा वाजत होता. सत्य सांगायला याहून योग्य वेळ माझ्या आयुष्यात आली नाही. दादाने शपथ मोडली नव्हती. 'खाली जावन येतंय' एवढंच काय ते त्याचं खोटं, तेही ती अडवेल म्हणून. एका वाक्याचं काम होतं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "वयनी, आजच्या दिवशी असा बोलू नकोस." आणि दार उघडून चिटणिसाला आत बोलावलं. त्याने शाल तिच्या खांद्यावर टाकली. तिने ती काढून घडी घातली आणि ट्रंकेवर ठेवली.

लेकीचं लग्न झाल्यावर वहिनी गावी राहायला गेली. शेवटच्या दिवसांत ती खाटेवर आहे असं कळलं तेव्हा मी एसटीने गेलो. वाटभर वाक्यं जुळवली. पोचलो तेव्हा ती शुद्धीत होती, बोलत होती, चिडवतही होती. मला बघून म्हणाली, विलायतेचो साहेब इलो. मग नात्यातल्या एका बाईला सांगून तिने मला पेज वाढायला लावली. मी पेज प्यायलो आणि पावसापाण्याचं बोललो. संध्याकाळच्या एसटीने परत निघालो. ती पुढच्या महिन्यात गेली.

आता हल्लीचं. आमची चाळ पाडून टॉवर झाला, तुम्ही करी रोडच्या पुलावरून बघितलात तर दिसतो. तिथल्या सोसायटीने प्रवेशद्वाराशी दादाच्या नावाची संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं. मजकूर तपासायला माझ्याकडे पाठवला. त्यात 'हाती झेंडा घेऊन मोर्चाच्या अग्रभागी' असं होतं. मी ते खोडून पाठवलं. सेक्रेटरी, तरुण मुलगा, स्वतः घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो अस्वस्थ झाला, पण हुशार आहे, लगेच सावरला.

"काका, खरं असेलही," तो म्हणाला. "पण पार्सल पोचवायला गेलेल्या माणसाला हार कोण घालणार?"

मी त्याला म्हटलं, मी घालणार. आणि तुला कारण सांगतो. त्या दिवशी या शहरात मराठी माणसाने रस्त्यावरून चालणं हाच गुन्हा ठरवला गेला होता. ज्याच्या हातात झेंडा होता त्याला गोळी लागली, आणि ज्याच्या हातात बोंबलाचा डबा होता त्यालाही लागली. गोळी सुटण्याआधी कुणी घोषणा ऐकून माणसं निवडली नव्हती. तुम्ही हुतात्म्यांत निवड करणार, झेंडेवाला चालेल, डबेवाला चालणार नाही, तर मग त्या पेपरातल्या 'जमाव' म्हणणाऱ्यात आणि तुमच्यात फरक काय? त्याला जमाव दिसला, तुम्हाला पुतळा दिसतो. माणूस दोघांनाही नको. मला दादा जसा होता तसा हवा आहे. तो राज्यासाठी मेला हे मी कुणालाही नाकारू देणार नाही, आणि तो झेंडा घेऊन मेला हेही कुणाला लिहू देणार नाही.

घरात मुलगा म्हणाला, बाबा, या वयात कशाला वैर घेता. नातू म्हणाला, लोक व्हिडिओ काढतील. काढू देत.

पाटी अजून लागलेली नाही. 'फाउंटनच्या गोळीबारात वाटेने चालत असता' एवढं लिहिणार असतील तर मी स्वतः नारळ फोडायला येईन, असं मी कळवलं आहे. नाहीतर येणार नाही, आणि आलोच तर बोलेन.

दादाच्या लेकीलाही मी जाऊन सांगितलं. ती आता नातवंडांची आजी आहे, डोंबिवलीला असते. ऐकू येणारा कान तिने माझ्याकडे केला आणि मी शेवटपर्यंत सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं, आईला हे माहीत होतं? मी नाही म्हटलं. 

"मला काय सांगतोस काका," ती म्हणाली. "आईला सांगायचंस."

मी माफी मागू लागलो तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं. ती म्हणाली, माझी मागू नकोस, माझा राग नाही. मग उठून तिने चहा ठेवला. निघताना तिने एवढंच सांगितलं की जे आईला बोलणार होतास ते लिहून काढ, तिच्या भाषेत, जसंच्या तसं. मी लिहितो आहे. एसटीत जुळवलेली वाक्यं ही होती:

वयनी, दादान शपथ मोडूक नाय. तो मोर्चात जावक नाय. माझो डबो घेवन तो धक्क्यार चललो होतो, म्हणान त्या वाटेन गेलो. चेडवाचो कान तेच्या शपथेन जावक नाय, तो तापान गेलो. डबो माका गावाक नाय. गावलो म्हणान मी तुका खोटा सांगितलंय, आणि तुझ्याच हातचा जेवलंय. दादाक दोष देव नको, वयनी. माका दी. माका माफ कर.